इलॅस्टिकवरचे ठिपके

मी मुळातच धास्तावलेली बाई आहे. कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेले तरी परत येऊन ओढून बघणार, एसटीत बसल्यावर गाडी नेकनूरलाच जाणार ना हे कंडक्टरला दोनदा विचारणार. त्यामुळे विश्व वेगानं फुगत चाललंय ही बातमी वाचून बीडमध्ये बाकी कुणाच्या चहाचा घोटही चुकला नाही आणि माझ्या मात्र तोंडाला कोरड पडली, याचं मला ओळखणाऱ्या कुणालाच नवल वाटलं नाही.

ही अठ्ठ्याण्णवच्या आसपासची गोष्ट. मी बीडला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. लग्न व्हायचं होतं, भाड्याची एक खोली होती, आणि दर शनिवारी दुपारच्या गाडीनं नेकनूरला आईवडिलांकडे जायचं हा नेम होता. शिक्षकखोलीत येणाऱ्या वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारावीच्या शिकवणीच्या भल्यामोठ्या जाहिरातीखाली, ती बातमी चार बोटं जागेत बसवली होती. फार दूरच्या काही ताऱ्यांचे स्फोट शास्त्रज्ञांनी पाहिले होते. ते असायला हवे त्यापेक्षा मंद दिसत होते. मंद म्हणजे अंदाजापेक्षा लांब. लांब म्हणजे विश्वाचं पसरणं हळू होत नाहीये, उलट त्याचा वेग वाढतोय.

आता मी सहा वर्षं मुलींना नेमकं उलटं सांगत आले होते. दगड वर फेकला की तो हळू होत जातो, कारण पृथ्वी त्याला ओढते. तसंच दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे अफाट समूह, एकमेकींना ओढतात, म्हणून विश्वाचं पसरणंही हळू होत जाणार, असं मी हात वर करून करून शिकवायचे. हे अभ्यासक्रमात नव्हतंच. मी आपली हौसेनं सांगायचे. कुणी सांगितलेलं नसताना चुकीचं शिकवलं, याचा मला जास्त त्रास झाला. त्याच दिवशी मी दहावीच्या दोन्ही तुकड्यांत जाऊन चूक कबूल केली. पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, हे परीक्षेला येणारंय का?" मी नाही म्हटलं. मग सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि गणितं सोडवायला लागल्या.

माझं मात्र डोकं ठिकाणावर येईना. फेकलेला दगड खाली यायच्या ऐवजी आणखी जोरानं वर जायला लागावा, अशी ती गोष्ट. कोण ढकलतंय? त्या ढकलणाऱ्याला तेव्हा धड नावही नव्हतं. बातमीत पुढे लिहिलं होतं की असंच चाललं तर आज दिसणाऱ्या कितीतरी दीर्घिकांचा प्रकाश पुढे कधीच आपल्यापर्यंत पोचणार नाही. हे घडायला किती काळ लागेल ते मला कळत होतं, मी काही अडाणी नव्हते. पण भीतीला कोट्यवधी वर्षांचा हिशोब समजत नाही. मी बाजारात कोथिंबीर निवडताना मधेच थांबायचे आणि भाजीवाली म्हणायची, "बाई, घेतीस का ठिवतीस?"

नेकनूरला पुढे आमचं कापडाचं दुकान आणि मागे घर होतं. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, गळ्यात टेप आणि हातात लोखंडी मीटर घेऊन चाळीस वर्षं त्या गादीवर बसले. कपाळाला भस्माची तीन बोटं लावल्याशिवाय त्यांनी कधी शटर उघडलं नाही. बोलायला गोड, पण कापडाच्या बाबतीत कुणाचं ऐकायचे नाहीत. नवीन माल आला की प्रत्येक छापाचा कोपरा दोन्ही चिमटीत धरून ताणायचे आणि डोळ्यांजवळ नेऊन बघायचे. "कापड ताणल्यावर फूल कसं दिसतंय बघ," असं मला लहानपणापासून सांगायचे. त्या वर्षांत तयार कपड्यांची दुकानं बीडला रांगेनं उघडत होती आणि नेकनूरच्या पोरीसुद्धा ताग्यांकडे बघेनाशा झाल्या होत्या. अप्पा म्हणायचे, "शिवलेलं काय, उसवतंयच."

त्या हिवाळ्यात त्यांना दम लागायला लागला. माळ्यावरून तागा काढायला शिडी चढले की खाली येऊन पाच मिनिटं बोलता येईना. संध्याकाळी पावलं सुजायची, चपलेच्या पट्ट्याचा वळ तसाच राहायचा. मी ओढत बीडला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, फोटो उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "हृदयाचा आकार वाढलाय. सूज उतरायला गोळ्या देतो, पण औरंगाबादला जाऊन इको करून घ्या. हा आठवडा टाळू नका."

अप्पांनी तो फोटो पाकिटात घालताना विचारलं, "साहेब, अजून वाढंल का?"

"उपचार केले नाहीत तर वाढेल," डॉक्टर म्हणाले.

आम्ही त्याच आठवड्यात जायला हवं होतं. पण संक्रांतीच्या सुमाराला गावात तीन दिवसांची व्याख्यानमाला असायची आणि त्या वर्षी पहिल्यांदाच एका बाईला बोलावलं होतं, ती बाई मी. गावची लेक म्हणून अध्यक्षांनी घरी येऊन नारळ दिला होता. मी म्हटलं, भाषण रद्द करू. अप्पा भडकले. "चार गावांत सांगून बसलोय मी. तुझं भाषण हू दे, मंग जाऊ." आणि मी ऐकलं, कारण मलाही बोलायचं होतं. खोटं कशाला सांगू, त्या भीतीचं ओझं कुणाच्या तरी अंगावर टाकायला मी उतावीळ झाले होते.

दाखवायला काहीतरी हवं म्हणून अप्पांनी स्वतः दुकानातलं दोन बोटं रुंद पांढरं इलॅस्टिक कापून दिलं. "भारीतलं हाय. ढिलं पडणार न्हाई," म्हणाले. त्यावर ठिपके काढायचे, ताणायचं आणि ठिपके एकमेकांपासून कसे लांब जातात ते दाखवायचं, असं मी ठरवलं होतं. शाळेत मी हे बारीक ठिपक्यांनी करायचे. पण मागच्या रांगेला दिसायला हवं म्हणून रुपयाचं नाणं ठेवून त्याच्याभोवती जांभळ्या स्केचपेननं गोल काढले आणि ते रंगवून टाकले. छान ठसठशीत दिसत होते.

शाळेच्या पटांगणात संध्याकाळी सहाला कार्यक्रम सुरू झाला. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल, श्रीफळ, अध्यक्षांचं पंधरा मिनिटांचं प्रास्ताविक, सगळं रीतसर झालं. आई घरीच होती, भाषणानंतर पाव्हणे जेवायला येणार होते. अप्पा पहिल्या रांगेत, इस्त्रीचं धोतर आणि टोपी घालून, गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. मी अध्यक्षांच्या हातात इलॅस्टिकचं एक टोक दिलं आणि दुसरं धरून मागे सरकत गेले. ठिपके लांब लांब होत गेले. जवळचा ठिपका थोडा सरकला, टोकाचा पुष्कळ सरकला. मी म्हटलं, "बघा, जी दीर्घिका जितकी दूर, तितकी ती जोरात दूर जाते." लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष इलॅस्टिक घट्ट धरून घामाघूम झाले होते, ते बघून पुन्हा टाळ्या वाजवल्या.

मग मी बातमीकडे वळले आणि माझा आवाज चढला. हे पसरणं थांबणार नाही, उलट दर क्षणाला आधीपेक्षा जोरानं होतंय, असं मी सांगितलं. ते थांबवणारं कुणी नाही, सगळं ताणलं जातंय, असंही म्हटलं. सगळं. हाच शब्द वापरला मी, आणि एकदा नाही, तीनचारदा वापरला. पटांगण एकदम शांत झालं. भाषण करणाऱ्याला ती शांतता फार आवडते, आणि मीही काही वेगळी नव्हते.

माझ्या टिपणाचं एक शेवटचं पान होतं. त्यावर लिहिलं होतं की हे ताणणं फक्त अफाट अंतरांवर दिसतं, दीर्घिकांच्या झुंडींच्या मधल्या मोकळ्या जागेत. जवळच्या वस्तूंनी एकमेकींना धरून ठेवलेलं असतं. आपली आकाशगंगा आणि शेजारची देवयानी दीर्घिका तर उलट एकमेकींकडे येतायत. सूर्य पृथ्वीला सोडत नाही, पृथ्वी आपल्याला सोडत नाही, आणि आपल्या अंगातला कणन् कण एकमेकाला इतका घट्ट धरून आहे की या पसरण्याचा तिथं काही म्हणजे काही परिणाम होत नाही. हे पान मी वाचणार तेवढ्यात व्यासपीठावरून घडी घातलेली चिठ्ठी आली. व्याख्यानमालेत बोललेल्या प्रत्येकाला ती चिठ्ठी ठाऊक असते. "आटोपते घ्या. सत्कार बाकी आहेत." मी पान तसंच मिटलं, आभार मानले आणि खाली बसले.

घरी जाताना अप्पा वाटेत दोनदा थांबले. मला वाटलं दम लागलाय. मी हात धरला तर म्हणाले, "दम न्हाई. इचार करायलोय." पोरीचं कौतुक मनात मावत नसेल, असं मी धरून चालले. पाव्हण्यांच्या पंगतीत ते फारसं बोलले नाहीत, पण वाढताना प्रत्येकाला आग्रह केला.

दोन दिवसांनी औरंगाबादला जायचं ठरलं होतं. सकाळी पिशवी भरून उभी राहिले तर अप्पा दुकानात जाऊन बसलेले. "पुढल्या आठवड्यात बघू," म्हणाले. पुढल्या आठवड्यात पुन्हा तेच. मी रागावले, रडले, शेजारच्यांकडून सांगून पाहिलं. ते चिडायचे नाहीत, वाद घालायचे नाहीत, फक्त हसून म्हणायचे, "एवढी घाई काय हाय?" गोळ्या घ्यायचे, त्यामुळे सूज उतरायची आणि आईला वाटायचं बरं होतंय. माझी रजा संपली आणि मला बीडला परतावं लागलं.

शनिवारी गेले की तेच हसणं, तेच उत्तर; एरवी शाळेसमोरच्या एसटीडी बूथमधून मी रोज दुपारी दुकानात फोन करायचे. काय बोलतात यापेक्षा कसं बोलतात याकडे माझं लक्ष असायचं. एका वाक्यात किती वेळा श्वास घेतात ते मी बोटांवर मोजायचे. फेब्रुवारीत "जेवलीस का, पाऊस न्हाई की काय न्हाई, ऊन वाढायलंय" हे एका दमात यायचं. मार्चच्या शेवटी "जेवलीस का" नंतरच थांबा यायला लागला. बूथवाल्याच्या मीटरवर आकडे पळायचे आणि मी रिसीव्हर कानाला चिकटवून त्या थांब्याची लांबी मापत उभी असायचे. थांबे लांबत होते, आणि लांबण्याचा वेगही वाढत होता. मला कळत होतं, आणि माझं कुणी ऐकत नव्हतं. रात्री डोळा लागला तरी पहाटे दचकून जाग यायची.

एप्रिलमध्ये एका गुरुवारी आईनंच दुकानातून शाळेत फोन केला. मुख्याध्यापिकांच्या खोलीत जाऊन घेतला. आईचा आवाज दबका होता, म्हणजे अप्पा जवळपास असावेत.

"बाई, तुझ्या अप्पाचं काय तरी बिनसलंय बग. रोज सकाळी बनियन काडून टेपानं छाती मोजायलेत. मोजत्यात अन् हासत्यात. म्या इचारलं, कावून मोजताव? तर म्हनले, मोजून काय उपेग न्हाई, टेप बी वाढायलाय. मला तर कायच समजंना."

आईला समजलं नव्हतं, पण मला लगेच समजलं. फोन ठेवून मी वर्गात गेले आणि फळ्याकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिले. मला ती संध्याकाळ दिसत होती. मी मागे सरकतेय, इलॅस्टिक ताणलं जातंय, आणि त्यावरचे ते ठसठशीत गोल ठिपके. गोल राहिले नव्हते ते. इलॅस्टिकबरोबर तेही ताणले होते, लांबट, अंड्याच्या आकाराचे झाले होते. मी लोकांकडे बघत होते. पहिल्या रांगेतला कापडवाला ठिपक्यांकडे बघत होता. कापड ताणल्यावर फूल कसं दिसतं हे आयुष्यभर बघत आलेला माणूस दुसरीकडे कशाला बघेल? वर मी सांगत होते, सगळं ताणलं जातंय.

त्या संध्याकाळी खोलीवर बसून मी तसंच इलॅस्टिक घेतलं आणि त्यावर शर्टाची पांढरी बटणं शिवली. शिवण मला येत नाही, बोटाला दोनदा सुई टोचली. कापडवाल्याच्या लेकीला बटण लावता येत नाही म्हणून आई कायम टोमणे मारते, ते खरंच आहे. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि दुपारची गाडी धरली. नेकनूरच्या फाट्यापर्यंत मी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते.

दुपारची वेळ होती. बाहेर ऊन रणरणत होतं आणि दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. आई आत जरा आडवी झाली होती. अप्पा गादीवर लोडाला टेकून, पाय पसरून बसले होते. पाय पुन्हा सुजले होते. मला अवेळी बघून सावरून बसले.

"शाळा?"

"रजा घेतलीय. अप्पा, तुम्ही छाती कशाला मोजता?"

ते ओशाळले. मग म्हणाले, "आई म्हणजे ना. एक गोष्ट पोटात ऱ्हात न्हाई."

"सांगा ना."

"तूच म्हणलीस की. सगळं ताणायलंय. ठिपके बी फुगले की तुझे, मी पाह्यले. इलॅस्टिक वाढंल तसा ठिपका वाढणारच, छाप हाय तो." ते श्वास घ्यायला थांबले. "मंग हृदय वाढायलंय तर त्यात इशेष काय? त्ये बी वाढायलंय, छाती बी वाढायलीय, दुकान बी. टेप बी वाढायलाय, म्हणून मापात कायच दिसत न्हाई. डॉक्टरला काय ठावं हे?"

मला रडू यायला हवं होतं, पण आधी रागच आला. कारण त्यांचं म्हणणं चुकीच्या पायावर उभं असलं तरी त्यातला तर्क पक्का होता. सगळंच सारखं फुगलं, मोजायची पट्टीही फुगली, तर फुगणं मोजता येणार नाही, हे अगदी बरोबर. आमच्या शाळेत हा मुद्दा एकाही मुलीनं कधी काढला नव्हता. चौथी शिकलेल्या माझ्या बापानं सुजल्या पायांनी गादीवर बसून काढला होता.

मी पिशवीतून इलॅस्टिक काढलं. एक टोक त्यांच्या हातात दिलं, एक माझ्या. ताणलं. बटणं एकमेकांपासून लांब गेली, पण बटण होतं तेवढंच राहिलं.

"मी ठिपके काढले ही माझी चूक झाली, अप्पा. बटणं लावायला पाहिजे होती. मोकळी जागा ताणते. बटण ताणत नाही, कारण त्याचं अंग एकमेकाला धरून आहे. आपण बटण आहोत. पृथ्वी बटण, सूर्य आणि ग्रह मिळून एक बटण, आपली अख्खी आकाशगंगा एक बटण. हे सगळं फुगणं त्याच्याही बाहेर, लई लांब चाललंय. हृदयापर्यंत ते येतच नाही."

त्यांनी इलॅस्टिक हातात घेऊन स्वतः ताणून बघितलं. बटण नखानं टोकरलं. "दोरा ढिला लावलास," म्हणाले. मग, "हे तू म्हणतीस. पर बटण वाढलं असंल अन् डोळा बी वाढला असंल तर?"

माझा तोल गेला. मी आतून तो जानेवारीतला फोटो आणला, टाचा उंचावून दुकानाच्या ट्यूबलाइटसमोर धरला आणि त्यांच्या गळ्यातला टेप ओढून घेतला. "हे बघा. ही छाती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. अकरा इंच. हे पांढरं दिसतंय ते हृदय. सात इंच. चांगलं हृदय छातीच्या निम्म्यात मावतं. सगळं मिळून फुगलं असतं तर निम्म्याचं निम्मंच राहिलं असतं ना? टेप वाढला काय नि डोळा वाढला काय, निम्मं ते निम्मं. मग हे निम्म्याच्या बाहेर कसं गेलं?"

वर्गात एखादं अवघड गणित सुटल्यावर येतं तसं माझ्या आवाजात काहीतरी आलं होतं. जिंकले होते मी. ते आठवलं की आजही मला माझीच शिसारी येते.

अप्पा फोटोकडे बघत राहिले. सात आणि अकराचा अर्थ मला त्यांना समजावून सांगावा लागला नाही, मापाचा माणूस होता. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"म्हणजे माझं एकट्याचंच वाढायलंय म्हण की."

मी फोटो खाली केला.

"तीन म्हयने बरं गेले बग माझे," ते म्हणाले. एकेक शब्द सुटा सुटा येत होता. "दम लागला की मी हितं उंबऱ्यात येऊन बसायचो. म्हणायचो, चाललंय, समद्याचंच चाललंय. त्यो समोरचा लिंब, ती एसटी, पोरंसोरं, समदे संगं हायेत. भ्या न्हाई वाटायचं. आता वाटायलंय."

मी त्यांच्या पायाशी बसले आणि रडले. ते माझ्या डोक्यावर हात फिरवत राहिले, आणि हातही थांबून थांबून फिरत होता. मग म्हणाले, "उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ. आईला म्हणावं, दशम्या बांध."

औरंगाबादच्या दवाखान्यात आमचा नंबर दुपारी लागला. आईला घरीच ठेवलं होतं. नवीन फोटो काढला, इको झाला. डॉक्टर तरुण होते, भराभर बोलणारे. त्यांनी दोन्ही फोटो उजेडाच्या पेटीवर शेजारी शेजारी लावले, जुना आणि नवा. मला सांगायची गरज नव्हती. नव्या फोटोत ती पांढरी सावली डाव्या बाजूला बरगड्यांना टेकायला आली होती.

"जानेवारीत सांगितलं होतं ना तुम्हाला?" डॉक्टर पाकिटावरची तारीख बघत म्हणाले. "तीन महिन्यांत बरंच वाढलंय. तेव्हा आला असतात तर पुष्कळ काही करता आलं असतं. आता आहे तिथं धरून ठेवायचा प्रयत्न करू. इतके दिवस काय करत होतात, आजोबा?"

मी तोंड उघडणार होते. नक्की उघडणार होते, असं मी स्वतःला आजवर सांगत आलेय. पण अप्पाच आधी बोलले.

"लग्नसराई व्हती साहेब. कापडाचं दुकान हाय. गिऱ्हाईक टाकून येनं जमलं न्हाई. ही पोरगी रोज फोन करायची, मीच आयकलं न्हाई."

"दुकान मोठं की जीव?" डॉक्टर चांगलेच तापले. "तुमच्यासारखी माणसं शेवटच्या क्षणी येतात आणि मग आम्हाला बोल लावतात." आणखीही बरंच बोलले. अप्पा मान खाली घालून, टोपी दोन्ही हातांत धरून ऐकत राहिले. ज्या माणसाला मी उभ्या आयुष्यात कुणाचा उणा शब्द ऐकून घेताना पाहिलं नव्हतं, तो माझ्या वाट्याचं बोलणं स्वतःच्या अंगावर घेत होता. मी फाईल छातीशी धरून बाजूला उभी होते.

डॉक्टर शेवटी माझ्याकडे वळले. "तुम्ही शिकलेल्या दिसता. तुम्ही तरी यांना ओढून आणायचं."

मी म्हटलं, "हो. चुकलं."

एवढंच म्हटलं. काय चुकलं ते सांगितलं नाही.

बाहेर आल्यावर अप्पा बाकावर बसले. मी गोळ्यांची चिठ्ठी हातात घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले आणि बोलायला लागले, तर त्यांनी हातानंच थांबवलं. "तुझी नोकरी शिकवायची हाय," ते म्हणाले. "पुन्हा सांगताना बटणं लाव, म्हणजे झालं. आईला कायच बोलू नको."

अप्पांनी घरी आईलाही लग्नसराईचंच कारण सांगितलं. त्यानंतर ते चार वर्षं जगले. गोळ्या वेळेवर घेतल्या, मीठ सोडलं, माळ्याची शिडी सोडली. आई आता माझ्याजवळ बीडला असते. कुणी भेटायला आलं आणि अप्पांचा विषय निघाला की ती पदरानं डोळे पुसत ठरलेलं सांगते, "त्या दुकानानं खाल्लं त्यायला. लग्नसराईपायी तीन म्हयने दवाखान्यात गेले न्हाईत." पाव्हणे हळहळतात. मी आत जाऊन चहाचं आधण ठेवते.